कल्याण कॅम्पातली जागरणाची रात्र

चपला काढू नका. जमीन तापलेली आहे आणि अनवाणी चालायची तुमची सवय गेलेली आहे. दुपारचे तीन वाजलेत, वैशाख आहे, साल १९४९. आज तुम्ही ज्याला उल्हासनगर म्हणता त्या गावाला अजून नाव नाही. ऑगस्टच्या ८ तारखेला चक्रवर्ती राजगोपालाचारी इथे येतील, कोनशिला बसवतील, आणि मग शेजारून वाहणाऱ्या नदीवरून नाव पडेल. तोवर कल्याणला उतरायचं आणि टांगेवाल्याला ‘कॅम्प’ एवढंच सांगायचं. त्याला बाकीचं कळतं. घोडा घामाने निथळतोय, टांग्याच्या गादीतला काथ्या तुमच्या मांडीला टोचतोय, आणि धुळीची चव जिभेवर आलेली आहे. बसा सावरून. फोनसाठी खिसा चाचपू नका, तो पंचाहत्तर वर्षं पुढे राहिला.

उतरलात की समोर बराकी दिसतील. लांबच लांब, बसक्या, एकीला झाकावी आणि दुसरी काढावी अशा. संसारासाठी या बांधलेल्याच नव्हत्या. महायुद्धात इथे सैन्याचा तळ होता; जवान यायचे, काही दिवस थांबायचे, पुढे जायचे. युद्ध संपलं, तळ ओस पडला, आणि मग कराचीहून सुटलेल्या बोटींतून मुंबईच्या गोदीत माणसं उतरू लागली. त्यांतली लाखाच्या आसपास माणसं आता या पाच कॅम्पांत राहतात. एका बराकीत अनेक कुटुंबं, आणि दोन कुटुंबांच्या मधे भिंत म्हणून गोणपाटाचा पडदा. तो हलला की पलीकडची चूल दिसते, पलीकडचं भांडण ऐकू येतं, पलीकडच्या आजोबांचा खोकला तर तुमच्या उशीशीच येऊन बसतो.

आत चला. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नाक काम करेल. रॉकेल, तळलेला कांदा, फिनेल, ओलं गोणपाट, माणसांचा घाम, आणि वारा फिरला की सार्वजनिक संडासांचा तो वास, ज्याच्याबद्दल इथे कुणी काही बोलत नाही कारण बोलून उपयोग नाही. स्टो भरभरतोय. कुणीतरी कणकेत कांदा-मिरची घालून जाड कोकी थापतंय. दाराशी दोन बायका पापड लाटताहेत. लाटून झालेले पापड खाटेवर पसरलेल्या धोतरावर वाळताहेत आणि एक पोरगी फडकं हलवत कावळे हाकलतेय. तुम्ही पाहुणे. एक म्हातारी ‘अचो, अचो’ म्हणत तुम्हाला पुढे घेईल, भाजलेला पापड आणि पितळी पेल्यात पाणी देईल. भाषा कळली नाही तरी घ्या. स्वतःची दारं, अंगण, दुकान, सगळं मागे टाकून आलेल्या बाईचा हा पापड आहे. तो नाकारायचा नसतो.

आणि आता दचकायला तयार राहा. बाहेर नळावर रिकामी बादली दगडावर आदळते. धडाम! तुमचे खांदे वर जातात, छातीत ठोका चुकतो, पेल्यातलं पाणी हातावर सांडतं. तुम्ही हसता, हात पुसता. संपलं. म्हातारीकडे मात्र बघा. बादली पडून गेली, तिच्यावरून नळावर दोन बायकांची जुंपली, ते भांडणही मिटलं, आणि तरी तिची बोटं पदराच्या टोकाशी घट्ट आवळलेली आहेत. नजर दाराकडे आहे. तुमचा मेंदू शांत झाला. तिचा का नाही झाला?

तुमच्या डोक्यात आत्ता काय घडलं ते सांगतो. दचकताना चेतापेशींच्या झुंडी एकदम पेटल्या. त्या तशाच पेटत्या राहिल्या असत्या तर माणसाला फेफरं आलं असतं. म्हणून मेंदूच्या बाहेरच्या थरात साधारण दर पाच चेतापेशींमागे एक अशी असते, जिचं काम बाकीच्यांना आवरायचं. तिच्या टोकातून गाबा नावाचं रसायन सुटतं. समोरच्या पेशीच्या पटलात पाच तुकड्यांचं मिळून बनलेलं एक प्रथिन रुतलेलं असतं, त्याला गाबा-ए रिसेप्टर म्हणतात. गाबा त्याला चिकटला की त्याच्या मधलं छिद्र उघडतं, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात, आणि त्या पेशीला पेटणं अवघड होतं. या सगळ्याला सेकंदाचा अगदी लहानसा अंश पुरतो. तुम्ही हात पुसण्याच्या कितीतरी आधी हे लाखो ठिकाणी होऊन गेलेलं होतं.

यातलं गाबाबद्दलचं एक अक्षरही या क्षणी जगात कुणाला ठाऊक नाही. मेंदूत गाबा आहे, हेच पुढच्या वर्षी, १९५० साली अमेरिकेत युजीन रॉबर्ट्स आणि हॉर्हे अवापारा यांच्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून बाहेर येणार आहे. तो शांत करतो, हे पटायला आणखी कित्येक वर्षं लागतील. त्यामुळे म्हातारीला का झोप येत नाही याचं उत्तर कॅम्पातल्या कोणत्याही डॉक्टरकडे नाही.

संध्याकाळ होते. सूर्य हाजीमलंगच्या डोंगरांकडे न बघता खाडीच्या अंगाला कलतो, आणि कॅम्पात एक मोठी हालचाल सुरू होते. खाटा बाहेर निघतात. वैशाखातल्या बराकीत झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं, म्हणून प्रत्येक दारातून खाट ओढली जाते, पाय जमिनीवर खरडतात, पोरं ओरडतात, ‘ही आमची जागा, ही आमची’ असं चालतं. तुम्हीही हात लावा, म्हातारीची खाट जड आहे. अर्ध्या तासात अंगण खाटांनी भरून जातं. जी खाट बाहेर आहे तिला वारा लागतो. जी आत राहिली तिला लागत नाही, मग ती कितीही चांगल्या सुतळीने विणलेली असो. पहाटे दव पडलं किंवा वळवाचा पाऊस आला की त्याच खाटा भराभर आत जातात.

गाबा-ए रिसेप्टरांचं अगदी असंच आहे. पेशीत ते असून भागत नाही, पटलावर बाहेर असावे लागतात, आणि तेही नेमके तिथे, जिथे समोरून गाबा सुटतो. बाहेर असलेल्यांनाच गाबा लागतो. पेशी त्यांना सतत आत ओढत असते, बाहेर काढत असते. आत ओढलेले काही पुन्हा बाहेर येतात, काही मोडीत निघतात. म्हणजे तुमच्या मेंदूची शांत होण्याची ताकद दर तासाला बदलत असते. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि गोदीत उतरून वर्ष झालं तरी दाराकडे बघत बसणाऱ्या बाईच्या डोक्यात आणखी वेगळी.

मग या खाटा हलवतं कोण? सांगतो, पण त्यासाठी उद्या सकाळी अंबरनाथला चालत जावं लागेल. आधी रात्र काढा.

रात्र लांब आहे. अंगणात माणसं इतकी दाटीने झोपलीत की कुशीवर वळलात तर हात परक्याच्या खाटेवर पडतो. डास आहेत. आकाश मात्र असं भरलेलं आहे की तुमच्या काळात ते इथून दिसतच नाही. दूर रुळांवर पुण्याकडच्या घाटासाठी तयार उभं असलेलं विजेचं इंजिन कण्हतंय. या इंजिनांना रेल्वेची माणसं ‘खेकडा’ म्हणतात. उभं असतानाही ते विव्हळल्यासारखा आवाज काढतं. तुम्हाला तो आवाज थोड्या वेळाने ऐकू येईनासा होईल. म्हातारी मात्र प्रत्येक मालगाडीला उठून बसते. गाडीच्या आवाजाशी तिच्या आठवणीत काय जोडलेलं आहे ते विचारू नका. ती सांगणार नाही, आणि विचारायची ही वेळही नव्हे.

जागे आणखीही आहेत. पलीकडच्या बराकीत पंधरा दिवसांची बाळंतीण आहे. जवळच्या गावातून आलेली सुईण तिला शेक देऊन गेली, बाळंतशेपा आणि ओव्याच्या धुरीचा वास अजून तरंगतोय. तुमची आजी बाळंत झाली तेव्हाही घरात हाच वास होता. मूल झोपलंय आणि आई टक्क जागी आहे, रडतेय, का ते तिलाच कळत नाही. सासू म्हणते, नजर लागली. गरोदरपणात स्त्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारं अॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य खूप वाढलेलं असतं. ते गाबा-ए रिसेप्टरवर थेट बसून त्याचं काम वाढवतं, आणि एका एन्झाइमच्या मदतीने काही प्रकारचे रिसेप्टर बाहेर जास्त ठेवतं. बाळ जन्मलं की ते झपाट्याने उतरतं. बहुतेक आयांचा मेंदू जुळवून घेतो, काहींचा घेत नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर हेच द्रव्य औषध म्हणून शिरेतून द्यायला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. सत्तर वर्षं. या पोरीला तोवर नजरेवर मीठ-मोहरीच मिळणार आहे, आणि शेजारणींचा हात. तो हात मोलाचा आहे, पण त्याने सगळं भागत नाही, हे मी मुद्दाम सांगतोय. आजही ‘बाळंतपणात होतंच असं’ म्हणून गप्प बसवलेल्या मुली मी पाहतो.

आणि त्या टोकाला, अंधारात, एक माणूस बाटलीचं बूच काढतोय. दारूबंदीचा कायदा याच वर्षीचा. वास तुमच्यापर्यंत येतो, हातभट्टीचा, उग्र. पूर्वी त्याला एवढीशी पुरायची, आता दुप्पट लागते. दारूही गाबाचा हा मार्ग रेटते. रोज रेटलं की मेंदू रिसेप्टरांची मांडणी बदलतो, काही प्रकार आत ओढतो, आणि मग तेवढ्याच दारूने तेवढी शांती मिळत नाही. ज्या दिवशी बाटली मिळणार नाही त्या दिवशी त्याचे हात कापतील, कदाचित फेफरंही येईल, कारण आवरणारे कमी झालेत आणि पेटणारे तसेच आहेत. यातही एन्झाइमांचा हात असतो. पन्नास वर्षांनी, १९९९ साली, प्रयोगशाळेतल्या उंदरांमधून एक ठरावीक एन्झाइम काढून टाकलं जाईल, पीकेसी-एप्सिलॉन नावाचं. ते उंदीर थोड्या दारूनेच झिंगतील आणि आपणहून कमी पितील. अंधारातल्या माणसाला बायको ‘मनाचा कच्चा’ म्हणते. पण त्याच्या मेंदूत जे चाललंय ते त्याच्या मनाला विचारून चाललेलं नाही.

पहाट. नळावर रांग लागली आहे, पितळी घागरींचा खणखणाट सुरू आहे. तोंड धुवायला तुमचा नंबर येईस्तोवर दवाखान्यात जाऊन येऊ. दाराशी बाटल्या हातात धरून माणसं उभी. रिकामी बाटली घरून आणायची, ही पद्धत. कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर ओततो आणि बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी चिकटवतो. एक खाच म्हणजे एक डोस. म्हातारीच्या बाटलीत ब्रोमाइड आहे. एक घोट चाखा हवं तर. खारट, कडवट. झोप न येणाऱ्यांना, फेफरं येणाऱ्यांना एकोणिसाव्या शतकापासून हेच देत आले आहेत, ते का चालतं हे न कळता. चालतं, कारण ब्रोमाइडचे कण क्लोराइडच्या त्याच छिद्रातून आत शिरतात आणि क्लोराइडपेक्षाही सहज शिरतात. पण ते अंगातून हळू जातं, साठत राहतं, आणि काही आठवड्यांनी माणूस मंद, गोंधळलेला दिसू लागतो, अंगावर पुरळ उठतं. म्हातारी आज सकाळी तुमच्याशी जरा जड जिभेने बोलली, आठवतं?

याच वर्षी पुढे मुंबईतले डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापतील. रक्तदाबासाठी त्यांनी ती दिली. आपल्याकडचे वैद्य ती कित्येक पिढ्या डोकं शांत करायला देत होते. ती गाबाच्या वाटेला थेट जात नाही. सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनॅलिन अशा रसायनांचे साठे ती रिते करते. आणि इथेच आपल्या प्रश्नाचा धागा आहे, कारण याच रसायनांच्या सांगण्यावरून पेशीच्या आतली एन्झाइमं जागी होतात. म्हणजे भीतीची बातमी एका रसायनाने आली, तरी तिचा परिणाम दुसऱ्याच रसायनाच्या रिसेप्टरवर होतो, आणि मधे निरोप नेणारी असतात एन्झाइमं.

चला आता अंबरनाथला. वालधुनी नदीच्या काठाने चालायचं. हो, हीच वालधुनी. नाकाला रुमाल लावू नका, तुमच्या काळातला वास इथे नाही. म्हशी पाण्यात बसल्या आहेत, करंजाच्या सावलीला एक पोरगा गळ टाकून बसलाय. तासाभरात तुम्ही स्टेशनजवळच्या काडेपेटीच्या कारखान्यापाशी पोचाल. विमको. स्वीडनच्या माणसांनी काढलेला. भोंगा वाजतोय, पाळी बदलतेय, ताज्या कापलेल्या लाकडाचा, सरसाचा आणि मेणाचा वास फाटकाबाहेरपर्यंत येतोय. एका कामगाराकडून काडेपेटी मागून घ्या. काडी ओढा. भसकन पेटली, नाकात झिणझिण्या आल्या. काडीच्या गुलात फॉस्फरस नसतो. तो असतो पेटीच्या कडेला, त्या तपकिरी पट्टीत, तांबडा फॉस्फरस. घासल्यावर तो कणभर निघतो आणि पेट घेतो.

फॉस्फरसचा तोच अणू तुमच्या अंगात आहे, बहुतेक हाडांमध्ये आणि थोडा प्रत्येक पेशीत. चार ऑक्सिजन सोबत घेऊन तो फॉस्फेट म्हणून वावरतो. पेशीतली कायनेज नावाची एन्झाइमं एटीपीवरून एक फॉस्फेट उचलतात आणि एखाद्या प्रथिनाच्या ठरावीक जागी चिकटवतात. दुसरी असतात फॉस्फटेज. ती तो फॉस्फेट काढून घेतात. लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. एवढ्यावर पेशीतलं बरंच कामकाज चालतं. हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स १९५०च्या दशकात सशाच्या स्नायूत शोधतील, आणि १९९२ साली त्यांना नोबेल मिळेल.

ही काडेपेटी खिशात ठेवा, आणि आता खाटांकडे वळू. गाबा-ए रिसेप्टराच्या पाच तुकड्यांतल्या बीटा-३ या तुकड्यावर ४०८ आणि ४०९ क्रमांकाच्या दोन जागा आहेत. तिथे पीकेए नावाच्या कायनेजने फॉस्फेट लावला, की रिसेप्टरला आत ओढणारं प्रथिन त्याला धरूच शकत नाही. तो बाहेर राहतो. फॉस्फेट निघाला की तो आत जाऊ शकतो. पाच तुकड्यांपैकी आणखी एक, गॅमा-२. त्याच्या ३२७व्या जागेवरचा फॉस्फेट कॅल्सिन्युरिन हे फॉस्फटेज काढतं, आणि रिसेप्टर गाबा सुटण्याच्या जागेवरून घसरून बाजूला जातो. कॅल्सिन्युरिनला जागं करतं कॅल्शियम. आणि पेशीत कॅल्शियम शिरतं ते पेशी फार पेटली की.

इथे जरा थांबा, कारण सगळ्या प्रवासात मला तुम्हाला दाखवायचं होतं ते हेच. पेशी जेव्हा सर्वांत जास्त भडकलेली असते, नेमकी तेव्हाच तिची शांत होण्याची सोय काढून घेतली जाते. थोड्या वेळापुरता यात अर्थ आहे. धोक्यात मेंदूने जागं राहावं. पण धोका महिनोन्‌महिने चालला तर? फेफरं थांबत नसलेल्या रोग्यात हे भयंकर रूपात दिसतं. फेफरं जितकं लांबतं तितके रिसेप्टर आत ओढले जातात, आणि त्याच रिसेप्टरवर चालणारं औषध उशीर झाला की चालेनासं होतं. म्हणून फेफरं पाच मिनिटांहून जास्त चाललं तर कांदा हुंगवत बसू नये, दवाखाना गाठावा.

कारखान्याकडून देवळाकडे वळा. शिलाहारांचं शिवमंदिर, शिलालेखावर शके ९८२, म्हणजे १०६० साल. बाहेर ऊन असं की काळ्या दगडावर हात टेकवत नाही. आत जा आणि पायऱ्या उतरा. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. वीसेक पायऱ्यांत वैशाख संपतो. तळपाय गार, भस्म आणि ओल्या दगडाचा वास, वरून उघड्या शिखरातून पडणारा उजेड. तुमचा श्वास आपोआप लांबला. बसा पाच मिनिटं. म्हातारीला इथे आणता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं.

कारण तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट बिघडलेली असू शकते. क्लोराइड आत शिरतो तो आत कमी असतो म्हणून. तो कमी ठेवण्याचं काम एक पंपासारखं प्रथिन करतं, केसीसी-२. त्याच्या ९४०व्या जागेवर फॉस्फेट असला की ते पटलावर टिकतं. उंदरांना थोडा वेळ हालचाल करू न देता कोंडून ठेवलं, तेव्हा ताणाचं रसायन सोडायची आज्ञा देणाऱ्या त्यांच्या चेतापेशींत हा फॉस्फेट घटला आणि पंप ढिला पडला. मग गाबा सुटत राहिला, रिसेप्टरही उघडत राहिले, आणि पेशी शांत होईना. थोड्या वेळाच्या कोंडीने हे होतं. म्हातारी बोटीच्या तळात कोंडली गेली होती, गोदीत रांगेत उभी राहिली होती, आणि आता गोणपाटाआड राहतेय. उंदरातलं सगळं माणसाला जसंच्या तसं लागू करता येत नाही. पण ती भित्री आहे असं म्हणणाऱ्या तिच्या सुनेपेक्षा हे उंदीर सत्याच्या जास्त जवळ आहेत.

संध्याकाळी कॅम्पात परत या. बाजारात गर्दी आहे, कापडाचे तुकडे, हातगाड्या, उकळता चहा, हिशेबावरून उंच आवाजात चाललेली घासाघीस. बदलापूरच्या बाजूने आलेली एक बाई टोपलीत जांभळं घेऊन बसली आहे, वर ओलं फडकं. मापभर घ्या. जीभ जांभळी होईल, तुरट होईल, घशात चिकटेल. तिला सिंधी येत नाही, गिऱ्हाइकाला मराठी येत नाही, आणि व्यवहार बोटांवर सुरळीत चाललाय. एखादं जांभूळ म्हातारीसाठी ठेवा.

खाटा पुन्हा बाहेर निघतात. आज म्हातारीची खाट कालच्याच जागी आहे, शेजारीही तेच. ती जांभूळ चोखते, बी पदरात बांधते. लावेल म्हणते कुठेतरी, अंगण मिळालं की. खेकडा कण्हतो. ती उठून बसते. दुसऱ्या गाडीलाही बसते. तिसऱ्या गाडीला तिचा हात नुसता हलतो. एका रात्रीवरून मी काही सिद्ध करत नाही. पण लागलेला फॉस्फेट निघतो आणि निघालेला पुन्हा लागतो. फिशर-क्रेब्स यांचा सगळा शोध एवढाच आहे. मेंदूतली ही मांडणी दगडावर कोरलेली नाही. ती रोज नव्याने मांडली जाते, आणि रोज मिळणारं तेच जेवण, तीच जागा, ओळखीचा आवाज, यांचीही तीत भर असणार यावर माझा विश्वास आहे.

आता परत या. तुमचं उल्हासनगर, तुमचा पंखा, तुमचा फोन. उशापाशी अल्प्राझोलामची पट्टी असेल तर तिच्याकडे एकदा नीट बघा. तीही याच गाबा-ए रिसेप्टरवर बसते. शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नका, आणि बरेच दिवस घेत असाल तर एका दिवसात बंदही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि एक काम करा. कॅम्प एक ते पाचमध्ये, अंबरनाथला, बदलापूरला, त्या उन्हाळ्यात पाच-सात वर्षांची असलेली माणसं अजून आहेत. काय सोडून आलात, हे त्यांना सगळ्यांनी विचारून झालंय. बराकीतल्या पहिल्या उन्हाळ्यात तुमच्या आईला झोप लागायची का, हे विचारा, आणि जे सांगतील ते लिहून ठेवा.